सोलापूरचा ‘बे’ आणि बाकीचे बे

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत सोलापूरच्या पोरांच्या बोलण्यावर जो लेख आला तो वाचला. लेखाचा सूर असा की आपल्याकडची पोरं वाक्यागणिक ‘बे’ लावतात, हा ‘बे’ म्हणजे फारसीतला ‘बे’, त्याचा अर्थ ‘विना’, म्हणजे ‘चल बे’ म्हटलं की समोरच्याला तू बेवारस आहेस, तुझ्यामागं कोणी नाही असं म्हटल्यासारखं होतं, म्हणून शाळेत बे म्हणणाऱ्याला दंड लावावा. दंडाचं नंतर बघू. पण व्युत्पत्तीचा हा जो प्रकार आहे ना तो काय पटला नाही, आणि माझं किराणा दुकान भवानी पेठेच्या अंगाला असल्यामुळं दिवसभर कानावर हे सगळे बे पडत असतात, म्हणून लिहायला बसलो. लांबलं तर कापा.

पहिली गोष्ट, फारसीतला बे कधीच मागं लागत नाही. तो कायम शब्दाच्या पुढं बसतो. बेकायदा, बेपत्ता, बेरोजगार, बेइमान, बेसुमार. आणि एकटा तर कधी येतच नाही, त्याला पुढं नाम लागतंच. आपला सोलापुरी बे बघा, ‘काय करलालास बे’, ‘कुठं गेलतास बे’, ‘नको बे’, हा नेहमी शेवटाला. ज्या जागी मराठीत रे येतो, गं येतो, लेका येतो, बरोब्बर त्या जागी. माझ्या काउंटरवर कन्नड बोलणारी दोन पोरं आली तर एकमेकांना ‘एनले’ म्हणतात, तेलुगू बोलणारी ‘एंरा’ म्हणतात, मराठीवाली ‘काय बे’ म्हणतात, तिघांचं काम एकच, दोस्ताला हाक. त्या ‘ले’चा नि ‘रा’चा अर्थ काढत कोणी बसत नाही, मग बे नंच काय घोडं मारलंय? हिंदीत ‘अबे’ आहे, दखनीत आहे, नागपूरकडं ‘का बे’ आहे, आपला बे त्या घोळक्यातला. त्याला फारसी व्याकरणाच्या पुस्तकात बसवायचं म्हणजे पोस्टमननं फक्त आडनाव वाचून पाकीट भलत्याच घरात टाकल्यासारखं झालं.

आता दंडाबद्दल. बे म्हटलं की दंड असा नियम शाळेत लावला तर दुसरीच्या वर्गात पाढे सुरू झाल्या झाल्या सगळा वर्ग कंगाल होणार. बे एके बे, बे दुणे चार, बे त्रिक सहा. हा बे कुठला मग? हा तर शंभर टक्के आपला. संस्कृतात ‘द्वे’, प्राकृतात ‘बे’, आणि तिथून सरळ आपल्या पाढ्यात. बोलताना आपण ‘दोन’ म्हणतो, कोणी दुकानात येऊन ‘बे किलो साखर द्या’ म्हणत नाही, पण पाढ्यात मात्र बे टिकून राहिला, कारण पाढे पाठ करायचे असतात आणि पाठांतरात जुना माल जसाच्या तसा टिकतो. गुजराती माणूस मात्र आजही रोजच्या बोलण्यात दोनला बेच म्हणतो, आपल्या बाजारातले गुजराती व्यापारी आपापसात हिशोब करताना कान देऊन ऐका.

आणि हा बे नुसता पाढ्यात नाही बरं का. बेचाळीस, ब्याऐंशी, ब्याण्णव यात आहेच, बारा, बावीस, बावन्न, बासष्ट, बाहत्तर यातला ‘बा’ पण तोच, द्वादश चं बारा झालं, द्वाविंशति चं बावीस. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात बावीस च्या जोडीला ‘वीस दोन’ अशी पद्धत आली तेव्हा केवढा दंगा झाला होता आठवतंय का, टीव्हीवर पण चर्चा. पोरांना सोपं पडावं हा त्यामागचा हेतू मला तरी समजण्यासारखा वाटतो, कारण बावीस मध्ये दोन कुठं लपलाय हे कोणी सांगितल्याशिवाय दिसतच नाही. पण सांगितलं की दिसतं, आणि मग मजा येते.

मजा कशी ते सांगतो. ‘द्व’ हे जोडाक्षर उच्चारायला जड, त्यात द आहे आणि व आहे. काही ठिकाणी द राहिला आणि व गेला, तिथं दोन झाला, दुसरा झाला, दुहेरी झाला, द्विप्रहर ची दुपार झाली. काही ठिकाणी द गेला आणि व चा ब झाला, तिथं बे, बारा, बावीस. दाराचं पण तसंच, मूळ द्वार, मराठीत दार झालं आणि गुजरातीत बारणुं. म्हणजे दोन आणि बे ही एकाच शब्दाची दोन रूपं, आणि ‘बे दुणे’ म्हणताना तर ही दोन्ही रूपं शेजारी शेजारी उभी असतात, कारण दुणे म्हणजे द्विगुण. सातशे वेळा म्हटलेला पाढा, पण त्यात एकच शब्द स्वतःलाच भेटतोय हे कोणाच्या डोक्यात येत नाही.

आता थोडं बाहेर जाऊ. इंग्रजीत दोनला टू म्हणतात, स्पेलिंग टी डब्ल्यू ओ. पोरं विचारतात की मधला डब्ल्यू बोलायचाच नाही तर लिहायचा कशाला. तो डब्ल्यू म्हणजे आपल्या द्व मधला व आहे! पूर्वी तो बोलत होते, आता जीभ सोडून गेली पण लिहिण्यात राहिला, आणि ट्वेल्व्ह, ट्वेंटी, ट्विन, बिट्वीन यात अजून ऐकूसुद्धा येतो. रशियनमध्ये द्वा, ग्रीकमध्ये दुओ, फारसीत दो. विल्यम जोन्स नावाचा इंग्रज न्यायाधीश कलकत्त्यात होता, त्यानं १७८६ साली भाषण करून सांगितलं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यात इतकं साम्य आहे की ते योगायोगानं झालेलं नाही, तिन्ही एकाच मुळातून आल्या असणार. तिथून पुढं हे शास्त्र वाढलं.

लॅटिनची गोष्ट तर आपल्या बे साठी एकदम जवळची आहे. तिथं पण जुन्या काळी ‘द्व’ ने सुरू होणारे शब्द होते आणि तिथं पण द गळला आणि ब राहिला. आपल्याकडच्या प्राकृताला विचारून नाही, रोममध्ये आपलं आपणच. ‘दुइस’ म्हणजे दोनदा, त्याचं ‘बिस’ झालं. ‘दुएनोस’ म्हणजे चांगला, त्याचं ‘बोनस’ झालं. हो, तोच बोनस, जो दिवाळीच्या आधी कामगार मागतात. सोलापुरात १८७७ साली जुनी मिल सुरू झाली, नंतर बाकीच्या गिरण्या आल्या, तेव्हापासून या गावात बोनस हा शब्द किती घरात किती वेळा बोलला गेला असेल, आणि त्याच्या पोटात आपल्या बारा-बावीस सारखाच बदल बसलाय.

आणि बिस? तो माझ्या दुकानात रोज विकला जातो. बिस्किट म्हणजे ‘बिस’ अधिक ‘कोक्तुस’, दोनदा भाजलेलं. आज कंपनीचं बिस्किट एकदाच भाजतात पण नाव जुनं आहे, आपला बेकरीतला टोस्ट मात्र अजून प्रामाणिकपणे दोनदा भाजतात, आधी पाव आणि मग कापून परत भट्टीत, म्हणजे खरं बिस्किट म्हणायचं तर टोस्टला. बॅलन्स म्हणजे ‘बि’ अधिक ‘लांक्स’, दोन पारडी. आमच्याकडं आता इलेक्ट्रॉनिक काटा आहे, त्याला एकच पारडं, तरी बॅलन्स म्हणतात आणि मोबाईलमध्ये तर पारडंच नाही तरी बॅलन्स संपतो. कम्बाइन म्हणजे दोन दोन एकत्र आणणं. इटलीत गाणाऱ्याचं गाणं आवडलं की लोक ‘बिस, बिस’ ओरडतात, आपल्याकडं संगीत नाटकात वन्स मोअर मिळायचा ना तसं.

बायसिकल मला सगळ्यात आवडते. ‘बाय’ म्हणजे लॅटिन बि, म्हणजे बे. ‘सिकल’ हे ग्रीक ‘किक्लोस’, म्हणजे चाक, आणि किक्लोस आणि आपलं ‘चक्र’ हे सख्खे नातेवाईक. म्हणजे बायसिकल हा शब्द इंग्रजांनी दिला खरा, पण त्याच्या दोन्ही चाकांचे नातेवाईक मराठीत आधीपासून होते.

इथं कोणी म्हणेल की बघा, सगळं आपल्याकडूनच गेलं. असं नाही हो. लॅटिन बिस संस्कृतातून गेला नाही, संस्कृत द्वि लॅटिनमधून आला नाही, दोघांचा पूर्वज एक. हे दोन वेगळे मुद्दे आहेत आणि फॉरवर्डवाल्यांना नेमका हाच फरक नको असतो.

नात्यातली सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे आर्मेनियन. त्या भाषेत दोनला ‘एर्कु’ म्हणतात. आता सांगा, एर्कु आणि बे यात काय सारखं आहे? एक अक्षर जुळत नाही. पण आंत्वान मेये नावाचा फ्रेंच भाषापंडित होऊन गेला, त्यानं दाखवून दिलं की जिथं बाकी भाषांमध्ये मुळात ‘द्व’ होता तिथं आर्मेनियनमध्ये ‘एर्क’ येतो, आणि ते एकाच शब्दात नाही, लांब या अर्थाचा ‘एर्कार’ पण तसाच, भीतीचा शब्द पण तसाच. एक शब्द जुळला तर योगायोग म्हणता येतं, तोच बदल परत परत त्याच जागी दिसला की मग नातं मानावं लागतं. म्हणजे एर्कु हा आपल्या पाढ्यातल्या बे चा खरा भाऊबंद, आणि ‘काय बे’ मधला बे, जो ऐकायला हुबेहूब तसाच, तो त्याचा कोणीच नाही. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे साहेब. लेखकानं आवाज सारखा बघितला आणि नातं जोडलं, आणि तेही असं नातं की ज्याच्यावरून पोरांना दंड व्हावा.

बरं फारसी बे बद्दल माझं काय वाकडं नाही, उलट तो फार गोड शब्द आहे आणि मराठीत इतका मुरलाय की संस्कृत शब्दाला पण लागतो, बेशुद्ध बघा, बेताल बघा. माझ्या धंद्यातला बेदाणा. ‘बे दाणा’, म्हणजे ज्यात दाणा नाही, बी नाही. मनुका म्हणजे बी असलेली आणि बेदाणा म्हणजे बिनबियांचा हा फरक जुनी गिऱ्हाइकं अजून पाळतात. पंढरपूर, तासगाव, सांगलीला सौदे निघतात, सगळे बेदाणा बेदाणा करतात, आणि तेच शेतकरी द्राक्षाला मात्र थॉमसन सीडलेस म्हणतात, म्हणजे तोच अर्थ एकदा फारसीत आणि एकदा इंग्रजीत. यात एक गंमत अशी की इराणमध्ये आता लोक ‘बे’ म्हणत नाहीत, तिथं त्याचा उच्चार ‘बी’ झालाय, जुना बे हिंदुस्थानातल्या फारसीनं आणि उर्दूनं जपला आणि आपल्याकडं तोच आला. तिकडचा उच्चार घेतला असता तर ‘बी-दाणा’ म्हणावं लागलं असतं आणि गिऱ्हाईक म्हणालं असतं की बी असलेला नको, बिनबियांचा द्या!

बेचिराख हा आणखी एक. चिराग म्हणजे दिवा, बेचिराख म्हणजे जिथं दिवा लागत नाही. महसुलाच्या जुन्या कागदात ओसाड पडलेल्या गावाला बेचिराख गाव लिहितात, जळून खाक झालं असा अर्थ नाही त्याचा, नुसतं एवढंच की संध्याकाळी तिथं दिवा लावायला माणूस नाही. आणि पतसंस्थेचं कर्ज फिटलं की जो दाखला घेतो तो बेबाकीचा, म्हणजे काही बाकी नाही. कर्ज काढलेल्या माणसाला विचारा बे हा शब्द वाईट आहे का म्हणून, तो दाखला फ्रेम करून लावेल. बेकायदा मात्र मराठीत जोरात चालला आणि त्याच्या उलट ‘बाकायदा’ हिंदीत राहिला, आपण कायदेशीर म्हणतो.

पण प्रत्येक बे नं सुरू होणारा शब्द फारसी नाही हे पण लक्षात घ्या. बेल, बेत, बेसन यात ‘विना’ शोधत बसलात तर हाताला काही लागायचं नाही.

आता कन्नड. सोलापुरात राहून कन्नडला सोडून बे चं बोलता येतच नाही. आमच्या दुकानात ‘एन बेकु’ हा दिवसातून कितीदा तरी होणारा प्रश्न आहे, काय पाहिजे. बेकु म्हणजे पाहिजे, बेड म्हणजे नको. दोन्हीत पुढं बे. लेखकाच्या हिशेबानं गेलं तर बेकु म्हणजे ‘विना कु’ व्हायला पाहिजे. बेकु चं नातं तमिळमधल्या ‘वेणुम’ शी आहे, त्याचा अर्थ पण पाहिजे. तमिळमध्ये सुरुवातीला जिथं व आहे तिथं कन्नडमध्ये ब येतो हा जवळपास नियमच आहे. तमिळमध्ये ये म्हणायला ‘वा’, कन्नडमध्ये ‘बा’. तमिळ ‘वेर’ म्हणजे मूळ, कन्नड ‘बेरु’. तमिळ ‘वेल्लम’ म्हणजे गूळ, कन्नड ‘बेल्ल’. पाडव्याला आपण कडुनिंब आणि गूळ खातो, कन्नड घरात त्याला बेवु-बेल्ल म्हणतात, बेवु म्हणजे कडुनिंब, तमिळमध्ये ‘वेंबु’, तेलुगूत ‘वेप’. आमच्याकडं पाडव्याच्या आदल्या दिवशी गूळ घ्यायला येणारी अर्धी गिऱ्हाइकं बेल्ल मागतात.

तेलुगूचं थोडं वेगळं. तिथं ‘ये’ म्हणायला ‘रा’. कन्नड बा आणि तेलुगू रा, ऐकायला काही संबंध नाही ना? पण आहे. तेलुगूत ‘आलं’ म्हणायला ‘वच्चिंदि’ म्हणतात, त्यात तो जुना व अजून बसलाय, आणि ‘रा’ मध्ये तो पडून र पुढं आला. म्हणजे साखर पेठेतला तेलुगू रा आणि बाळीवेशीतला कन्नड बा हे एकाच मुळाचे. उलट कन्नड बा म्हणजे ये आणि आपल्या खेड्यातला बा म्हणजे बाप, एकदम सारखे आणि एकमेकांचे कोणी नाहीत. पुरंदरदासांचं लक्ष्मीला बोलावणारं पद भीमसेन जोशींनी गायलंय, त्यातलं ‘बारम्मा’ ऐकून आपल्यापैकी कितीतरी जणांना वाटत असेल की काहीतरी बारा आहे किंवा बारसं आहे, ते ‘बा अम्मा’ आहे, ये आई.

या दक्षिणेकडच्या भाषा आपसात नातेवाईक आहेत आणि संस्कृतातून निघालेल्या नाहीत हे मद्रासचे कलेक्टर एलिस यांनी १८१६ साली पुराव्यानं मांडलं, म्हणजे दोनशे वर्षं होऊन गेली, तरी आपल्याकडं अजून कोणीतरी उठतं आणि सगळं एकाच खुंटीला टांगतं.

उर्दू राहिली. उर्दूत मुळाक्षरं अलिफ, बे, पे, ते अशी सुरू होतात. दुसरं अक्षरच बे! आता हा बे कुठून आला तर तो मुळात ‘घर’. फार जुन्या काळी अरबी-हिब्रूच्या घराण्यातल्या भाषा बोलणाऱ्या लोकांनी अक्षरं बनवली तेव्हा ब साठी घराचं चित्र होतं आणि त्याचं नाव बेत, म्हणजे घर. त्याच बेत चं ग्रीकांनी बीटा केलं आणि अल्फाबेट मधला बेट पण तोच. हिब्रूत अजून बेत म्हणतात, बेथलेहेम म्हणजे भाकरीचं घर. अरबीत घराला बैत म्हणतात आणि कवितेच्या ओळींना पण बैतच म्हणतात, उर्दू शाळांमधून शेरांची अंताक्षरी खेळतात तिला म्हणून बैतबाजी म्हणतात.

आणि आता मला जो योगायोग सगळ्यात जास्त आवडतो तो. अरबी अक्षरांना आकड्यांची किंमत असते, अबजद म्हणतात त्याला. अलिफ एक आणि बे म्हणजे दोन. ‘बिस्मिल्लाहिर्रहमानिर्रहीम’ या पूर्ण वाक्याच्या सगळ्या अक्षरांची बेरीज ७८६ होते, रिक्षांवर आकडा बघतो ना आपण, त्या बेरजेतला पहिला आकडा म्हणजे बे चे दोन. म्हणजे मराठी शाळेतलं पोरगं बे म्हणतंय तेव्हा पण दोन आणि अबजद मांडणारा मौलवी बे म्हणतो तेव्हा पण दोन! आवाज सारखा, अर्थ सारखा, आणि तरी नातं शून्य. एक ‘द्वे’ मधून आला, दुसरा घराच्या चित्रातून, आणि दुसरं अक्षर म्हणून दोन मिळाले. फॉरवर्ड करणाऱ्याच्या हातात हे पडलं तर तो यातून काय काय सिद्ध करेल याची कल्पनाच केलेली बरी.

असले योगायोग ढीगभर आहेत. फारसी ‘बद’ म्हणजे वाईट, बदनाम मधला, आणि इंग्रजी बॅड म्हणजे पण वाईट, काही संबंध नाही. ऑस्ट्रेलियात म्बाबारम नावाची मूळ रहिवाशांची भाषा होती, त्यात कुत्र्याला ‘डॉग’ म्हणायचे, इंग्रजांकडून न शिकता. हिब्रूत ‘बा’ म्हणजे आला, ‘बारूख हबा’ म्हणून पाहुण्याचं स्वागत करतात, म्हणजे जो आलाय त्याचं भलं होवो, आणि घानातल्या अकान भाषेत पण ‘बा’ म्हणजे येणं, आणि आपल्या कन्नडमध्ये पण बा म्हणजे ये. तिघांनी एकमेकांना कधी बघितलं पण नाही. हिशेब सोपा आहे, जगात सात हजारांच्या आसपास भाषा, आणि एक व्यंजन एक स्वर घालून होणारी अक्षरं किती, काही शेकडा. टक्कर होणारच. शब्द जितका छोटा तितका जास्त फसवतो.

तुर्की बे पण आहे एक. तुर्कस्तानात माणसाच्या नावामागं ‘बे’ लावतात, मान म्हणून, आपल्या ‘राव’ सारखा. जुनं रूप बेग, त्यावरूनच बेगम. १९३४ साली तिथल्या सरकारनं कायदा करून असल्या पदव्या काढून टाकल्या तरी लोक बोलताना बे म्हणतातच. आता मला जर पोरांची बाजूच घ्यायची असती तर मी लिहिलं असतं की आपला किल्ला बहमनी काळातला, दख्खनच्या दरबारात तुर्की सरदार होते, त्यांना लोक बे म्हणायचे, म्हणून सोलापूरचा माणूस दोस्ताला बे म्हणतो म्हणजे त्याला सरदार म्हणतो! किती छान जमलं बघा, वाक्यात मागं पण बसतो. पण याला एक कागद पुरावा नाही, म्हणून नाही लिहिणार. तुमच्या लेखकाकडं पण ‘बेवारस’ ला तेवढाच पुरावा होता.

हल्ली कॉलेजच्या पोरापोरींचा मोबाईलमधला एक बे आहे, प्रेमाच्या माणसाला म्हणतात तो. त्याचा पण एक फॉरवर्ड आहे की तो तीन इंग्रजी शब्दांची पहिली अक्षरं जोडून झाला. तसं काही नाही, बेब किंवा बेबी कापून बे केलाय.

राहता राहिला शिस्तीचा मुद्दा. मोठ्यांना बे म्हणू नये, मास्तरांना म्हणू नये, गिऱ्हाइकाला तर अजिबात म्हणू नये, याबद्दल माझं काहीच दुमत नाही, माझ्या दुकानातल्या पोराला मी पण टोकतो. पण ते ‘अरे-तुरे करू नको’ म्हणून सांगतो त्याच कारणानं, त्याला फारसी शिवी आहे असं खोटं सांगायची गरज पडत नाही. आणि दोस्ताला म्हटलं तर म्हणू दे की. सोलापूरचा माणूस पुण्याच्या स्टँडवर उतरला आणि मागून कोणीतरी ‘काय बे’ म्हटलं की ओळख लागते, गाव विचारावं लागत नाही.

पुरवणीत ‘पुढच्या भागात रे आणि लेका’ असं लिहिलंय. रे वर लिहायच्या आधी लेखकांनी एखाद्या कन्नड आणि एखाद्या तेलुगू शिक्षकाला फोन करावा, महापालिकेच्या शाळांमध्ये मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू सगळ्या माध्यमांची माणसं एका गावात मिळतात, दुसऱ्या फारशा शहरांना ही सोय नाही.

कळावे,
आपला,
भवानी पेठेतला एक किराणा दुकानदार
सोलापूर

ता. क. पत्रात काटछाट केली तरी चालेल, पण आर्मेनियन शब्द ‘एर्कु’ असाच आहे. प्रूफ वाचणाऱ्यांनी तो चुकलाय म्हणून त्याचा ‘एक’ करू नये, दोनाचा एक होईल.